हात कोणाचा?

दिवाळी अंकात मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. फराळाचे ताट पुढे असताना कवटीच्या आतल्या गोष्टी बोलू नयेत हा शिष्टाचार मला मान्य आहे. परंतु हा अंक ज्या घरांतून वाचला जातो त्यांपैकी पुष्कळ घरांत एखादे आजोबा किंवा एखादी आत्या अशी असते, की तिच्या हाती चहा दिला म्हणजे कप बशीत वाजू लागतो. घरातली माणसे तो आवाज ऐकतात आणि ऐकला नाही असे दाखवितात. मला लिहावयाचे आहे ते त्या आवाजाविषयी, आणि तो आवाज थांबविण्याचा अधिकार कोणाचा याविषयी.

आपली भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. 'मी हात थरथरवतो' असे कोणी म्हणत नाही. 'हाताला कंप सुटला' असे आपण म्हणतो. वारा सुटावा, घाम सुटावा, तसा. 'हात ऐकत नाही' असेही म्हणतो. म्हणजे हुकूम देणारा मी वेगळा आणि न ऐकणारा हात वेगळा, ही गोष्ट भाषेने कधीच मान्य करून ठेवली आहे. व्यवहारात मात्र आपण ती विसरतो. कोणाला मूतखडा झाला तर त्याच्या चारित्र्याची चौकशी होत नाही. हात थरथरू लागला की होते. भित्रा असेल, काही लपवीत असेल, नाहीतर पीत असेल, अशी तीन अनुमाने गाव तयारच ठेवते, आणि त्यांतले तिसरे सर्वांना आवडते.

वैद्यकाने या विषयाकडे फार पूर्वीपासून पाहिले आहे. चरकाने वाताच्या विकारांत 'वेपथु' गणला आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली थरथरत्या पक्षाघातावर एक छोटासा निबंध लिहिला आणि पुढे त्या रोगाला त्याचेच नाव मिळाले. परंतु बशीत कप वाजविणारा कंप बहुधा पार्किन्सनचा नसतो. पार्किन्सनचा हात मांडीवर विसावला असताना हलतो. हा दुसरा कंप हात कामाला लागला की सुरू होतो. घास उचलताना, किल्ली कुलुपात घालताना, सही करताना. हातावर हात ठेवून बसले तर काही नाही. काही करावयास जावे तर अडथळा. निष्क्रिय माणसाला हा रोग त्रास देत नाही, ही त्याची विचित्र नीती म्हणावी लागेल. पार्किन्सनपेक्षा हा पुष्कळ अधिक लोकांना असतो, आणि निम्म्याच्या आसपास रोग्यांच्या घराण्यात तो आधीपासून आढळतो.

आमच्या घराण्यात तो आहे. वडिलांना होता, आता माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, आहे. माझा हात अजून स्थिर आहे. 'अजून' हा शब्द मी सवयीने लिहिला, खोडीत नाही.

आमचे गाव हट्टा. वसमत तालुक्यातले हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या महाराष्ट्रदिनी हिंगोली जिल्हा झाला आणि आम्ही जागचे न हलता जिल्हा बदलला. गावात जुनी दगडी बारव आहे आणि शिवारात हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पोरांनी फटाके उडविले. अण्णा म्हणाले, "हळद तं पहिल्यापासून पिवळीच व्हती." अण्णांनी शेती केली आणि त्याबरोबर गावच्या सोसायटीचे दप्तर अनेक वर्षे सांभाळले. त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावे तेच घालीत. कोणाचा अर्ज, कोणाची वाटणी, कोणाचे सासरी पाठवावयाचे पत्र, सगळे त्यांच्या हातचे. पंचावन्नाव्या वर्षापासून ते अक्षर बिघडू लागले. आज ते बहात्तर वर्षांचे आहेत.

या कंपाचा एक गुण असा आहे की दारूच्या एखाद्या घोटाने तो पुष्कळ रोग्यांत तास-दोन तास शमतो. ही डॉक्टरांनी नोंदविलेली गोष्ट आहे. कोणी ती औषध म्हणून घेऊ नये, कारण उतार पडला की कंप दुप्पट जोराने येतो आणि घोट वाढत जातात. पण यातली थट्टा पाहा. अण्णा माळकरी. जन्मात थेंब घेतला नाही. घेतला असता तर हात स्थिर राहिला असता आणि गावाने त्यांना निर्व्यसनी म्हटले असते! घेतला नाही म्हणून हात हलतो, आणि चावडीवर बसणारी मंडळी एकमेकांकडे पाहतात. ज्या पुराव्यावरून त्यांना दोषी धरले जाते तोच खरे म्हणजे त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा आहे. आपल्या नीतिनिर्णयांत असे किती पुरावे उलटे वाचले जात असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हे त्यांनी सोसले. जे सोसवले नाही ते वेगळेच. तीन वर्षांपूर्वी एका बँकेत त्यांची सही नमुन्याशी जुळली नाही. पुन्हा केली, जुळली नाही. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या मुलाने अगदी सभ्यपणे शाईचे डबडे पुढे केले आणि म्हणाला, "आजोबा, अंगठा लावा." ज्या माणसाने अर्ध्या गावाच्या अंगठ्यांशेजारी 'निशाणी अंगठा' असे सुरेख अक्षरात लिहिले, त्याचा अंगठा. अण्णांनी तो लावला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "मला लिहिता येतंय, अन् अंगठा कामून लावू?" त्या मुलाला मी दोष देत नाही. नियम असतो. परंतु त्या दिवसापासून औषधपाण्याची गोष्ट आमच्या घरात गंभीरपणे सुरू झाली.

औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल नावाची एक गोळी अनेकांना गुण देते. अण्णांना दमा असल्यामुळे ती चालत नाही. दुसऱ्या एका गोळीने ते दिवसभर झोपू लागले. मग परभणीच्या डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी दिली, आणि गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना घेऊन मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कारण कंपासाठी मेंदूत हात घालण्याची कल्पना वाटते तेवढी नवी नाही आणि तिचा बराचसा भाग अपघाताने हाती आला आहे. १९५२ साली अमेरिकेत अर्व्हिंग कूपर नावाचा शस्त्रवैद्य पार्किन्सनच्या एका रोग्यावर शस्त्रक्रिया करीत असताना एक रक्तवाहिनी दुखावली. ती बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. बांधली आणि शस्त्रक्रिया अर्धवट सोडली. रोगी शुद्धीवर आला तेव्हा कंप नाहीसा झाला होता आणि हातापायातली शक्ती शाबूत होती. त्यावरून मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या काही गाठींकडे लक्ष वेधले गेले. त्यांतली महत्त्वाची गाठ म्हणजे थॅलॅमस. आपल्या देशात मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला आणि पुढच्या दशकात डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम व डॉ. टी. एस. कनका यांच्यासह मोजमापाने सुई नेण्याची ही विद्या तेथे रुजविली. कनका या देशातल्या पहिल्या स्त्री मेंदूशल्यविशारद. मुंबईत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी मेंदूत विद्युत्तार बसविण्याची शस्त्रक्रिया चालविली आहे.

त्या सुरुवातीच्या काळात मेंदूचे चित्र कसे मिळत असेल? क्ष-किरणांना कवटी दिसते, आतला मऊ भाग दिसत नाही. म्हणून मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरीत आणि त्या हवेची सावली टिपीत. रोग्याला त्यानंतर विलक्षण डोकेदुखी होई. १९४७ साली स्पीगेल आणि वायसिस या जोडीने माणसाच्या डोक्याला चौकट बसवून अशा सावल्यांवरून अंतरे मोजली. पुढे १९७१ मध्ये सी.टी. स्कॅन आला आणि त्यानंतर चुंबकाचे एम.आर.आय. चित्र आले. आता वेदना नाही. फक्त त्या बोगद्यात निश्चल पडून राहावे लागते.

अण्णा पडून राहिले. बाहेर आले तेव्हा मी विचारले, हात हलला का? म्हणाले, "निजल्यावर कुठं हलतो?" ते खरेच होते. हा कंप विसावलेल्या हाताला येत नाही. म्हणजे ज्या रोगाचे चित्र काढावयाचे तो रोगच चित्राच्या वेळी हजर नव्हता!

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखविले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले, पण माझ्या भावाचा मेंदू असा राखाडी पाकळ्यांसारखा उलगडलेला पाहताना मला थोडे परके वाटले. मी विचारले, कंपाची जागा कोणती? डॉक्टर म्हणाले, या चित्रात ती वेगळी दिसत नाही. थॅलॅमस दिसतो, पण त्याच्यातला जो काही मिलीमीटरांचा तुकडा हवा आहे, त्याच्या कडा साध्या चित्रात उमटत नाहीत. मग तुम्ही तेथे जाता कसे? त्यांनी मेंदूच्या मध्यावर दोन बारीक ठिपके दाखविले. डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारे ते तंतूंचे दोन पूल. एक पुढचा, एक मागचा. दोहोंत २५ मिलीमीटरांच्या आसपास अंतर. मागच्या ठिपक्यापासून त्या अंतराच्या चौथाईइतके पुढे यायचे, मध्यरेषेपासून १४ मिलीमीटरांच्या आसपास बाजूला सरकायचे, तेथे ती जागा.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हंजे मोजणी." डॉक्टरांना कळले नाही, मला कळले. गट नंबरची हद्द शेतात कोठे आखलेली नसते. मोजणीदार येतो, दोन जुने दगड शोधतो, त्यांवरून साखळी धरतो आणि काळ्या रानात जेथे काहीच दिसत नाही तेथे खुंटी मारून सांगतो, हा तुमचा बांध. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात तशी या तुकड्यालाही आहे. मागे स्पर्शाची जागा. तिकडे दोन मिलीमीटर चुकले तर बोटे बधिर होतात. बाहेरच्या अंगाला हातापायांना शक्ती नेणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा. तेथे चुकले तर अर्धे अंग लुळे पडू शकते. मोजणीदाराच्या चुकीने भाऊबंद कोर्टात जातात. येथे कोर्टात जाण्याइतकीही सोय नाही.

अलीकडे आणखी एक प्रकारचे चित्र निघाले आहे आणि मला त्याचे फार कौतुक वाटते. मेंदूतले पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकते, आडवे सरकत नाही. सरीतले पाणी सरीनेच जाते, वरंबा ओलांडीत नाही, तसे. एम.आर.आय. यंत्र ही पाण्याची चाल टिपते आणि तिच्यावरून तंतूंच्या वाटा रंगवून दाखविते. लहान मेंदूतून निघून पलीकडच्या थॅलॅमसात शिरणारी जी वाट या कंपाशी निगडित आहे, ती अशी अनुमानाने दिसते. अनुमानाने हा शब्द मी मुद्दाम घातला. सर पाहून पाणी ओळखणे सोपे. पाणी पाहून सर ओळखणे तेवढे निश्चित नाही, विशेषतः जेथे दोन सरी एकमेकींना छेदतात.

आणि म्हणूनच, एवढे सगळे चित्र झाल्यावरही, शेवटचा शब्द चित्राचा नसतो. या शस्त्रक्रियेत रोगी जागा ठेवतात. विद्युत्तार बसवावयाचा असेल तर तार त्या जागी पोचताच थोडा प्रवाह सोडतात आणि विचारतात, बोटांना मुंग्या येतात का? अमुक शब्द म्हणा. पेला उचला. १९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे बेनाबीड यांना अशाच चाचणीत आढळले की जलद प्रवाहाने कंप तत्काळ थांबतो. त्यातून तार आतच ठेवण्याची पद्धत निघाली. २०१७ साली बंगळूरला एका गिटारवादकाने, त्याची बोटे वाजविताना वळत म्हणून, शस्त्रक्रिया चालू असताना गिटार वाजवून दाखविली. दुसरी पद्धत ध्वनिलहरींची. तिच्यात कवटीला छिद्र पाडीत नाहीत. हजाराच्या वर लहान ध्वनिउत्पादक बसविलेले शिरस्त्राण घालतात आणि सगळ्या लहरी एका बिंदूवर आणतात. प्रथम तो बिंदू थोडाच तापवितात, एम.आर.आय. त्याचे तपमान दाखविते. या कोमट अवस्थेत परिणाम तात्पुरता असतो. रोग्याच्या हाती कागद देऊन चक्राकार रेघ काढावयास सांगतात. रेघ सुधारली आणि जीभ जड झाली नाही तर मग तपमान ५५ ते ६० अंशांपर्यंत नेतात आणि तेवढा कण कायमचा जळून जातो.

मला यात जे महत्त्वाचे वाटते ते असे. हजारो रुपयांच्या चित्राने डॉक्टर दारापर्यंत येतात. दार हेच का, हे मात्र आतल्या माणसाला विचारावे लागते. मेंदू दिसतो, कंप मोजता येतो. पण 'आता बरे वाटते' हे वाक्य कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. ते बोलावे लागते. ज्यांना वाटते की मेंदूचे चित्र पुरेसे स्वच्छ झाले म्हणजे माणसाला काही विचारण्याचे कारण उरणार नाही, त्यांनी ही शस्त्रक्रिया पाहावी. चित्र जसजसे बारीक झाले तसतसा प्रश्नही बारीक झाला, पण विचारणे काही संपले नाही.

याचा अर्थ अनुभव तेवढा खरा आणि मोजमाप खोटे असा मात्र नव्हे. आपल्याकडे तसे म्हणणारे फार आहेत आणि त्यांच्या ताईत-गंड्यांचे दुकान त्यावरच चालते. २०१६ साली ध्वनिलहरींच्या पद्धतीची जी परीक्षा प्रसिद्ध झाली तिच्यात ७६ रोगी होते. ५६ जणांना खरा उपचार दिला आणि २० जणांना खोटा. म्हणजे त्यांचेही केस काढले, त्यांनाही यंत्रात निजविले, पण लहरी सोडल्या नाहीत. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या हातांचा कंप ४७ टक्क्यांनी उतरला होता. दुसऱ्या गटात जवळजवळ काहीच फरक नव्हता. एक वर्षानंतर तो लाभ ४० टक्क्यांवर आला. काहींची बोटे किंवा ओठ बधिर झाले, काहींची चाल डळमळली. वर्षानंतरही १४ टक्क्यांत बधिरपणा आणि ९ टक्क्यांत चालीचा दोष उरला. ते वीस जण फसविले गेले असे कोणी म्हणेल. परंतु असे होऊ शकेल हे त्यांना आधी सांगितले होते, त्यांनी ते पत्करले होते आणि तीन महिन्यांनी त्यांनाही खऱ्या उपचाराची मुभा होती. व्यर्थ केस उतरवून देणाऱ्या त्या वीस अनोळखी माणसांचे आपल्यावर ऋण आहे. त्यांच्यामुळे आज अण्णांना खरे आकडे सांगता येतात.

आता या विषयाची काळी बाजू. हात स्थिर करणारी तीच चौकट, तीच सुई मद्रासच्या त्याच मंडळींनी १९७० च्या सुमारास आणखी एका कामाला लावली होती. अतिशय चंचल, आक्रमक, घरच्यांना आणि संस्थांना न आवरणाऱ्या रोग्यांच्या, त्यांत मुलेही होती, मेंदूतल्या भावनांशी निगडित जागांवर शस्त्रक्रिया करून त्यांना शांत करण्यात येई. त्या काळी जगात इतरत्रही हे चालले होते. करणारे दुष्ट नव्हते. त्यांनी आपले निष्कर्ष उघडपणे छापले, आणि अशी मुले बांधून ठेवावी लागत हेही खरे. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा शस्त्रक्रियेला रोग्याची समजून दिलेली संमती आणि मंडळाची मान्यता, दोन्ही आवश्यक केली आहेत.

त्या मुलांत आणि अण्णांत फरक काय? जागा वेगळी, रोग वेगळा, हे झाले वैद्यकाचे उत्तर. मला दुसरा फरक अधिक मोठा वाटतो. अण्णांच्या बाबतीत तक्रार करणारा आणि सुईखाली जाणारा माणूस एकच आहे. त्या मुलांच्या बाबतीत तक्रार इतरांची होती आणि मेंदू त्यांचा. एखाद्याला शांत करावयाचे म्हटले की मी आता आधी हे विचारतो, अशांततेचा त्रास कोणाला होत आहे?

आमच्याकडे याचा जुना दाखला आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या शरीराला कंप सुटला, धनुष्य हातातून गळू लागले. त्या वेळी जर कोणी त्याच्या थॅलॅमसातला एक कण तापविला असता तर हात स्थिर झाला असता, बाण नेमके लागले असते, युद्धही झाले असते. गीता तेवढी झाली नसती. कारण तो कंप म्हणजे अर्जुनाचे म्हणणे होते. हात ऐकत नव्हता असे नाही. हात अर्जुनाचेच ऐकत होता, आणि अर्जुनाला लढावयाचे नव्हते. कृष्णाने कंपाला हात लावला नाही. कंप जे म्हणत होता त्याला उत्तर दिले. उलट अण्णांच्या कंपाला काही म्हणावयाचे नाही. त्याला अठरा अध्याय ऐकविले तरी कप वाजावयाचा तो वाजेलच. एका कंपाला उत्तर हवे, दुसऱ्याला उपाय हवा. आणि एकाचे दुसऱ्याला देणे हा दोन्ही बाजूंनी अन्याय आहे. गेली सतरा वर्षे अण्णांना गावाने उत्तरेच दिली. मन घट्ट करा, नामस्मरण करा. ते माळकऱ्याला सांगायचे म्हणजे कमालच!

एवढे तत्त्वज्ञान झाल्यावर व्यवहार. रुग्णालयात डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "या हाताने तुम्हाला काय करायचे आहे?" बहुतेक रोगी जेवणाचे सांगत असावेत. अण्णा म्हणाले, "सही." डॉक्टर हसले. मग अण्णांनी समजावून सांगितले. नऊ एकर रान आहे, दोन मुले आहेत. हयातीत वाटणी करून द्यावयाची आहे. ते वाटणीपत्र अंगठ्यावर करावयाचे नाही.

उपचाराला काही लाख रुपये लागतात. त्यासाठी अण्णा एक एकर विकावयाचे म्हणतात. म्हणजे उरलेल्या आठ एकरांच्या वाटणीवर सही करता यावी म्हणून नवव्याची विक्री. धाकट्या पुतण्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. तो वाईट मुलगा नाही. दर वर्षी हळदीचा भाव कोसळला की पहिला हिशेब त्यालाच करावा लागतो. तो मला म्हणाला, "काका, अंगठ्याची किंमत कायद्यात सहीएवढीच हाये. मंग?" या युक्तिवादात एकही चूक दाखविता येत नाही. थोरली सून मात्र बाजूने बोलली. आणि तिचे कारण अगदी वेगळे. सतरा वर्षे ती सासऱ्यांना अर्धाच पेला भरून देते, सांडू नये म्हणून. तिने कधी बोलून दाखविले नव्हते. "पूर्ण भरलेला पेला द्यावा वाटतो," एवढेच म्हणाली.

मला मत विचारले गेले आणि मी ते दिले. जमीन अण्णांची आहे, हे तर आहेच. पण ते कारण पुरेसे नाही, कारण आपल्याकडे जमीन एकट्याची कधीच नसते. मला असे वाटते की मुलाला एकर मिळतो तो बापाकडून मिळतो, तहसीलदाराकडून नव्हे. देणाऱ्याचा हात त्यात दिसावा ही देणाऱ्याची हौस समजली तर तिच्यावर एकर खर्च करणे उधळपट्टी ठरेल. परंतु जो माणूस आयुष्यभर इतरांसाठी लिहीत आला त्याचे लिहिणे हा त्याचा अलंकार नव्हता, तेच तो होता. आणि समजा मी चुकतो आहे, तरी ही तुलना, एकर विरुद्ध अक्षर, ज्याला दोहोंची किंमत ठाऊक आहे त्यानेच करावी. दोन्ही त्याने कमावलेली आहेत. माझ्या या मतात माझ्या स्वतःच्या हाताची काळजी किती मिसळली आहे, हे मला सांगता येत नाही.

दोन पद्धतींतली कोणती घ्यावयाची, हेही डॉक्टरांनी अण्णांवरच सोपविले. विद्युत्ताराचा प्रवाह वाढविता येतो, कमी करता येतो, बंद करता येतो. छातीत कातडीखाली त्याची बॅटरी राहते. ध्वनिलहरींनी जळलेला कण परत येत नाही, आणि लाभ कालांतराने काहीसा ओसरू शकतो; पण शरीरात काही उरत नाही, दर महिन्याला मुंबई गाठावी लागत नाही. मला वाटले होते, बंद करता येण्यासारखी गोष्ट अण्णा पसंत करतील. ते म्हणाले, "बटनावर चालणारी सही माझी कशी म्हनावी?" मी वाद घातला, की चष्म्यातून पाहिलेले आपणच पाहतो. त्यांनी ते मान्य केले, आणि मत बदलले नाही. एक भीती मात्र त्यांनी डॉक्टरांना आडून आडून विचारली, जीभ जड झाली तर? एकादशीच्या भजनात चाल तेच सांगतात. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच तुम्हाला जागे ठेवणार. कोमट अवस्थेत अभंग म्हणून दाखवा, शब्द अडखळला तर आम्ही थांबू. त्यावर अण्णा बराच वेळ विचार करीत बसले. परतताना रेल्वेत, मनमाड गेल्यावर, म्हणाले, कोणता म्हणायचा ते ठरवावे लागेल.

कवटीची जाडी आणि घनता ध्वनीला वाट देते की नाही हे पाहण्यासाठी त्यांचा सी.टी. स्कॅन झाला, सगळ्यांच्या कवट्या जमत नाहीत. त्यांची जमली. हळद निघाल्यावर, होळीच्या आधी, असा दिवस ठरतो आहे. केसांतून ध्वनी नीट जात नाही म्हणून डोके पूर्ण भादरावे लागते, आणि वहिनींची खरी हरकत तेथे आहे. घरात कोणी गेल्यावाचून केस काढावयाचे त्यांना अशुभ वाटते. लोक विचारतील त्यांना काय सांगायचे, असे त्या रोज विचारतात. अण्णा म्हणतात, खरे ते सांग. डॉक्टरांनी सरावासाठी दिलेल्या चक्रांच्या कागदाच्या त्यांनी वीस-पंचवीस प्रती काढून आणल्या आहेत आणि रोज सकाळी पूजा झाल्यावर एक भरतात. तारीख घालतात, खाली सही करण्याचा प्रयत्न करतात. हे कागद ते सोसायटीच्या जुन्या पाठफळीला दोरीने बांधून ठेवतात. धाकट्याने एकरासाठी गिऱ्हाईक पाहण्याचे अजून मनावर घेतलेले नाही. मात्र परवा त्याने वडिलांचा एक कागद उचलून बराच वेळ पाहिला आणि परत दोरीत अडकवून ठेवला.